मुलगा पिचर झालाय? आधी एक वही आणा

सकाळी बेसिनपाशी मुलगा डाव्या हातानं दात घासत होता. तो उजवा आहे. "काय झालं रे?" विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई आई, असंच." संध्याकाळी चहाचा कपही त्यानं डाव्या हातानं उचलला, तेव्हा मी त्याचा उजवा हात धरून कोपर सरळ करायला लावलं. ते पूर्ण सरळ होत नव्हतं. आतल्या बाजूच्या हाडावर नुसतं बोट टेकवलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आदल्या दोन दिवसांत तो शाळेकडून बेसबॉलचे तीन सामने खेळला होता आणि तिन्ही सामन्यांत पिचर, म्हणजे फलंदाजाकडं चेंडू फेकणारा, तोच होता. एकूण किती चेंडू टाकले, हे त्याला सांगता आलं नाही, सरांना सांगता आलं नाही आणि तिन्ही सामने कडेला उभं राहून बघणाऱ्या मलाही सांगता आलं नाही.

तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. नऊ आठवडे चेंडू बंद राहिला. आज तो सोळाचा आहे, अजून पिचिंग करतो, कोपर पूर्ण सरळ होतं. मधल्या तीन वर्षांत डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मैदान यांच्यात फेऱ्या मारून जे कळलं ते इथं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, कोचही नाही. पण कोल्हापुरात कुस्तीची दुखापत समजणारा वस्ताद पेठेपेठेत भेटतो, फुटबॉलपटूचा गुडघा कुठल्याही तालमीच्या कट्ट्यावर चर्चेत असतो. पिचरच्या हाताबद्दल विचारायला मात्र मला कोणी सापडलं नव्हतं. तुमचा मुलगा किंवा मुलगी नुकतीच शाळेच्या बेसबॉल संघात आली असेल, तर माझी ती नऊ आठवड्यांची शिकवणी तुम्हाला लागू नये.

आधी एवढं जमवा

• दोनशे पानी वही. हीच सगळ्यात महत्त्वाची वस्तू.
• मोजायचं काउंटर. वेगळं शोधत बसू नका. महाद्वार रोडला जपासाठी बोटात घालायचं बटणाचं काउंटर मिळतं, तेच मी वापरते.
• लांब मेजरिंग टेप आणि थोडा चुना, अंतर आखायला.
• व्यायामाचा रबरी पट्टा. दुकानात थेराबँड म्हणून मागा आणि सुरुवातीला सगळ्यात हलका घ्या.
• कोरडा नॅपकिन. आपल्याकडे पावसाळ्यात आणि लगेच नंतर खूप खेळलं जातं. ओला चेंडू निसटतो, म्हणून मुलं तो जास्त आवळून धरतात.
• एक फाइल. त्यात जन्मदाखल्याची प्रत, आधीचे एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या, आणि महिन्याला उंचीची नोंद.

उंचीची नोंद कशाला, ते दुसऱ्या पायरीत सांगते.

१. वय बघा, मग अंतर आखा

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचरपासून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे फलंदाजापुढच्या पाटीपर्यंतचं, अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर असतं. अमेरिकेत लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंतची मुलं ४६ फुटांवरून टाकतात आणि तेरा-चौदाच्या मुलांसाठी काही लीग ५४ फूट ठेवतात. आपल्याकडे सरावाला लहान-मोठी सगळी एकाच मैदानावर असतात. मोठ्यांसाठी आखलेल्या रेषेवरूनच सहावीतलं पोरही टाकतं. चेंडू पोचत नाही, म्हणून ते सगळं अंग झोकून, खांदा उसवल्यासारखं फेकतं, आणि बघणारे म्हणतात, "काय जीव लावतंय बघा!"

स्पर्धेतलं अंतर आयोजक ठरवतील, त्यावर आपला इलाज नाही. सराव मात्र आपल्या हातात आहे. टेप लावा, चुन्यानं जवळची रेषा मारा आणि मुलाला तिथून टाकू द्या. वर्षा-दोन वर्षांत रेषा मागं सरकवता येते.

दुसरी गोष्ट चेंडूच्या वजनाची. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. साधा टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा. आपल्या बहुतेक मुलांचा हात गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटवर तयार झालेला असतो. सरांना तिथला वेग दिसतो, ते मुलाला पिचर करतात, आणि एका आठवड्यात त्याच हाताला अडीच पट वजनाचा चेंडू पूर्ण जोरात टाकायला लागतो. माझ्या मुलाचं नेमकं असंच झालं. पहिले तीन आठवडे फक्त अर्ध्या जोरात, जवळून, बेसबॉल हाताळू द्या. क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे बेसबॉलपेक्षाही जड असतो. त्यामुळे सीझन बॉलवर गोलंदाजी करणाऱ्या मुलाला वजन नवं नसतं. पण गोलंदाजी कोपर ताठ ठेवून होते आणि पिचिंग कोपर वाकवून. म्हणून कोपरासाठी तोही नवखाच धरा.

२. हात का दुखावतो ते एकदा समजून घ्या

वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड तिथूनच लांब होतं. वाढ पूर्ण झाली की ती पट्टी हाडासारखी टणक होते. तोवर ती हाताची सगळ्यात कच्ची जागा. उसाचं वाढं कसं हातानं मोडतं आणि बुडखा कोयत्याशिवाय तुटत नाही, तसंच हे आहे. चेंडू सोडताना खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगानं आत वळतो. माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात वेगवान हालचालींमध्ये ही गणली जाते. त्या झटक्यात कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरची दाबली जाते. मोठ्या माणसाचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, फाटतं; मुलाची ग्रोथ प्लेट आधी सुजते आणि मग उकलते. याला लिटल लीग एल्बो म्हणतात. हे नाव १९६० पासून वापरात आहे, म्हणजे दुखणं काही नवं नाही. हेच खांद्याच्या टोकाला झालं तर लिटल लीग शोल्डर.

मोठ्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराचं लिगामेंट फाटलं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली शीर, म्हणजे टेंडन, काढून तिथं बसवली. १९७६ मध्ये तो परत खेळला आणि पुढं १९८९ पर्यंत खेळत राहिला. आज त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. हे ऐकून एका पालकांनी मला विचारलं होतं, "मग ऑपरेशननं बरं होतंय की!" तो सगळा सोपस्कार वर्षाहून मोठा असतो आणि परत पूर्वीसारखं टाकता येईलच असं नसतं. शाळेतल्या मुलाच्या बाबतीत तो विचार डोक्यात आणूच नका.

आता उंची. मुलगा चार-सहा महिन्यांत भसकन वाढतो तेव्हा हाडं पुढं पळतात, स्नायू मागं राहतात आणि ग्रोथ प्लेटवरचा ताण वाढतो. दरवाजाच्या चौकटीवर महिन्याला एक रेघ मारा. रेघा लांब लांब पडायला लागल्या की त्या काळात चेंडू कमी करायचे.

३. मोजा, रोज मोजा

मुलाला विचारून कळत नाही, चेहऱ्यावरून कळत नाही. वहीवरून कळतं.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत. एका दिवसात सामन्यात जास्तीत जास्त किती चेंडू टाकावेत, ते त्यात असं सांगितलं आहे:

• ७-८ वर्षं: ५०
• ९-१० वर्षं: ७५
• ११-१२ वर्षं: ८५
• १३ ते १६ वर्षं: ९५
• १७-१८ वर्षं: १०५

पण हा आकडा वाचून "चला, ९५ चालतात" असं समजू नका. ते छत आहे. खरी किल्ली विश्रांतीच्या दिवसांत आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी:

• २० चेंडूंपर्यंत: दुसऱ्या दिवशी टाकता येतं
• २१ ते ३५: एक दिवस विश्रांती
• ३६ ते ५०: दोन दिवस
• ५१ ते ६५: तीन दिवस
• ६६ किंवा जास्त: चार दिवस

पंधरा-सोळाला हेच टप्पे ३०, ४५, ६० आणि ७५ वर बदलतात. उदाहरण घ्या. तेरा वर्षांच्या मुलीनं शनिवारी ५८ चेंडू टाकले. रविवार, सोमवार, मंगळवार पिचिंग नाही. बुधवारी ती परत टाकू शकते.

आता आपली अडचण. अमेरिकेत ओरड होते ती वर्षभर न थांबता खेळण्याची. तिथल्या एका दहा वर्षांच्या पाहणीत वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग (एक इनिंग म्हणजे समोरच्या संघाचे तीन गडी बाद होईपर्यंतची पाळी) टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट दिसला. आपली मुलं वर्षाला तेवढ्या इनिंग टाकतच नाहीत. आपल्याकडे दुखणं दुसरीकडून येतं. जून-जुलैत पंचगंगेला पाणी, मैदानात चिखल, हात पूर्ण बंद. मग शालेय स्पर्धांची तारीख लागते, आठ-दहा दिवसांचं घाईघाईचं शिबिर होतं, आणि लगेच दोन दिवसांत तीन सामने. जिंकलो की पुढची पातळी, परत तेच. वर्षाची बेरीज कमी दिसते, पण त्या पंधरा दिवसांत हातावर डोंगर कोसळतो. माझ्या मुलाच्या कोपराचं मूळ मी स्वतः तिथं शोधलं आणि डॉक्टरांनीही मान हलवली.

म्हणून तारीख कळायच्या आधीच, निदान सहा आठवडे, हात जागता ठेवा. पाऊस असेल तर शाळेच्या व्हरांड्यात, पार्किंगमध्ये, मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये तीस फुटांवरून हळू टाकता येतं. आठवड्याला तीन दिवस, एकाआड एक. पहिल्या आठवड्यात पंचवीस-तीस चेंडू, मग दर आठवड्याला थोडे वाढवत जा. जोर शेवटच्या दोन आठवड्यांत.

आणि संघात एकच पिचर ठेवू नका, ठेवू देऊ नका. किमान चार हवेत. दोन दिवसांत तीन सामने असतील तर चौदाखालच्या संघात असं जमतं: पहिल्या दिवशी ज्याला २० चेंडूंवर थांबवलं तो दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो. जो फक्त पहिल्याच दिवशी टाकणार आहे, त्याला जास्त टाकू द्या. चौथा पूर्ण ताजा, शेवटच्या सामन्यासाठी. एकाच दिवशी दोन सामन्यांत तोच पिचर नको. आमच्याकडच्या मुलांची एक इनिंग वीसच्या आसपास चेंडू खाते, त्यामुळे हे गणित कागदावर करावं लागतं, मैदानात सुचत नाही.

आपल्यापेक्षा शंभर पटींनी बेसबॉल जगणाऱ्या जपानलाही हे उशिराच उमगलं. तिथं शाळकरी मुलांच्या कोशिएन स्पर्धेला सगळा देश टीव्हीपुढं बसतो. २०१८ च्या उन्हाळी कोशिएनमध्ये कोसेई योशिदा या मुलानं एकट्यानं ८८१ चेंडू टाकले. २०२० पासून तिथल्या शालेय संघटनेनं आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा घातली. ५०० हीसुद्धा फारच जास्त आहे असं मला वाटतं, पण मोजायला लागले हे मोठं.

माझ्या वहीत सहा रकाने आहेत: तारीख, सामन्यातले चेंडू, सरावातले चेंडू, इतर फेकाफेक, दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा होता, उंची. वर दिलेल्या मर्यादा सामन्यातल्या चेंडूंच्या आहेत. सरावाचा रकाना तरीही भरा.

४. "इतर फेकाफेक" हा रकाना रिकामा सोडू नका

हा सापळा आपल्याकडचा खास आहे. ज्या मुलाचा हात चालतो, त्याला शाळा सगळीकडं पाठवते. सोमवारी गोळाफेक, बुधवारी भालाफेक, शुक्रवारी बेसबॉल, रविवारी गल्लीची क्रिकेट मॅच. प्रत्येक सरांना वाटतं की आपण थोडंच करून घेतोय. हात मात्र एकच आहे.

भाला टाकणारी मुलं पिचर म्हणून चमकतात, हे खरं आहे. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन पोरं भालाफेकच करायची आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या संघानं त्यांना पिचर म्हणून करारबद्ध केलं. पण एकाच आठवड्यात दोन्हींचा पूर्ण जोराचा सराव वाढत्या वयात झेपत नाही. एका वेळी एक स्पर्धा धरा.

तसंच पिचर बदलल्यावर त्याला कॅचर, म्हणजे फलंदाजामागं बसून चेंडू झेलणारा, करू नका. कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकतो, शिवाय बेसवर पळणाऱ्याला बाद करायला जोरात फेकतो; त्या फेकी कुणी मोजत नाही. पिचिंग संपल्यावर फर्स्ट बेसला क्षेत्ररक्षणाला उभं करा किंवा बाकावर बसवा.

५. हाताआधी पाय आणि कंबर

चेंडूचा वेग पायातून वर येतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मोबाईलवर हळू करून बघितलं तेव्हा पटलं. जी मुलं नुसत्या हातानं फेकतात, त्यांचा हात लवकर जातो.

इथं आपलं तालमीतलं ज्ञान कामी येतं. बैठका पिचरसाठी उत्तम. रोज दोन-तीन वेळा पंधरा-वीस, मांडी नीट खाली नेऊन. जोरही चालतात, थोडे आणि सावकाश. सामन्याच्या आदल्या दिवशी नकोत. जड मुद्गल फिरवणं मात्र या वयाच्या पिचरला देऊ नका. तालमीतल्या मोठ्या मल्लाचा खांदा वेगळा असतो. त्याऐवजी रबरी पट्ट्याचे दोन व्यायाम पुरेसे आहेत. एक, कोपर बरगडीला चिकटवून, पट्टा धरलेला हात बाहेरच्या बाजूला उघडणं. दुसरा, दोन्ही हातांनी पट्टा मागं ओढून खांद्याच्या फऱ्या एकमेकींजवळ आणणं. प्रत्येकी पंधरा, आठवड्याला तीनदा. फिजिओकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, कारण चुकीची ओढ लगेच दिसत नाही.

सामन्याच्या दिवशी क्रम पाळा. आधी मैदानाला दोन-तीन फेऱ्या, अंगाला घाम. मग खांदे फिरवणं, कंबर वळवणं. मग जवळून हळू फेकी, मग लांबून. बसमधून उतरल्या उतरल्या थेट जोरात चेंडू टाकायला लावणारे बरेच दिसतात. अशा वेळी मी मुलाला बाजूला घेते आणि पळायला लावते.

६. फेकीची पद्धत: पाचच गोष्टी बघा

मोबाईल बाजूला धरा, स्लो मोशनवर चित्रीकरण करा आणि घरी मुलाबरोबर बघा.

पहिलं, पुढचा पाय होम प्लेटच्या दिशेनं पडतोय का? आडवा पडला तर सगळं अंग आडवं वळतं आणि कोपर ते सावरतं. दुसरं, पाऊल किती लांब? उंचीच्या पाऊणपटीहून कमी असेल तर पायाचा जोर वाया जातो. तिसरं, पुढचा पाय टेकतो त्या क्षणी चेंडूचा हात वर आलेला आहे का आणि कोपर साधारण खांद्याच्या उंचीवर आहे का? कोपर खाली लोंबत असेल तर पुढचा सगळा ताण त्याच्यावर. चौथं, कंबर आधी वळते आणि खांदा तिच्या मागून, की दोन्ही एकदमच? पाचवं, चेंडू सुटल्यावर हात झटकन थांबतो, की अंग वाकून हात समोरच्या गुडघ्यापलीकडं जातो? हात सावकाश थांबायला जागा मिळाली पाहिजे.

एकावेळी एकच दुरुस्ती सांगा. पाचही एकदम सांगितल्या तर मूल गोंधळतं आणि अंग आखडून टाकतं.

आणि जमिनीकडं बघा. पुढचा पाय रोज एकाच ठिकाणी पडून आपल्या मैदानांवर खळगा होतो. त्यात पाय मुरगळतो, नाहीतर फेक बिघडते. सरावाआधी खोऱ्यानं माती ओढून तो बुजवा.

कर्व्हबॉलचं, म्हणजे हवेत वळणाऱ्या चेंडूचं, काय? मोबाईलवर बघून प्रत्येक मुलाला तो हवा असतो. नामांकित शल्यचिकित्सक डॉ. जेम्स अँड्र्यूज यांच्या गटाच्या शिफारशींमध्ये फास्टबॉल (सरळ, जोराचा) आठ वर्षांच्या आसपास, चेंजअप (त्याच हालचालीनं टाकलेला हळू चेंडू) दहाच्या आसपास, कर्व्ह चौदाच्या आसपास आणि स्लायडर (वेगात आडवा सरकणारा) सोळाच्या आसपास, असा क्रम आहे. मापं घेणाऱ्या काही अभ्यासांत कर्व्हमुळे कोपरावर फास्टबॉलपेक्षा जास्त ताण दिसलेला नाही. तरीही मी चौदापर्यंत नकोच म्हणते. फास्टबॉल नेम धरून टाकता येत नाही तोवर मनगट पिळायला शिकून मुलाचं काही भलं होत नाही. चेंजअप शिकवा. हाताची चाल तीच, पकड तळहातात खोल, चेंडू हळू. शालेय पातळीवर त्यानंच भरपूर बळी मिळतात.

७. दुखलं तर काय करायचं

दुसऱ्या दिवशी दंडाचे, पाठीचे स्नायू भरून येणं, ठणकणं हे चालतं; एक-दोन दिवसांत जातं. पुढच्या खुणा दिसल्या तर त्याच क्षणी चेंडू खाली ठेवायचा:

• कोपराच्या आतल्या हाडावर बोट टेकवलं की दुखणं
• कोपर पूर्ण सरळ न होणं, किंवा मध्येच अडकणं
• खांद्याच्या टोकाशी, हाडात दुखणं
• करंगळी-अनामिकेत मुंग्या
• फेकताना "कट्" असा आवाज किंवा भावना
• सामन्यात अचानक नेम जाणं, वेग पडणं, कोपर खाली येणं

शेवटची खूण दुखण्याच्याही आधी दिसते. ती थकव्याची असते. हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्या मुलांवर कोपर-खांद्याच्या शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ३६ पट आढळली, असा अमेरिकेतला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. वहीत आकडा मर्यादेच्या आत असला तरी मूल थकलेलं दिसलं की थांबवा.

"दुखतंय का?" असं विचारू नका. आपली पोरं नाहीच म्हणणार, संघातून काढतील या भीतीनं. बाटलीचं घट्ट झाकण उघडायला द्या, बनियन डोक्यावरून काढायला लावा, दोन्ही कोपरं समोर सरळ करून शेजारी शेजारी ठेवायला सांगा. हात खोटं बोलत नाही.

मग अस्थिरोगतज्ज्ञ. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयातही अस्थिरोग विभाग आहे, खर्चाच्या भीतीनं घरी थांबू नका. जाताना वही न्या. "खेळताना लागलं" असं मोघम सांगितलं की मोघमच उपचार होतात; आमच्या पहिल्या भेटीत तसंच झालं, मलम आणि तीन दिवसांच्या गोळ्या. दुसऱ्या डॉक्टरांना मी सामन्यांचा हिशेब जमेल तसा आठवून सांगितला, तेव्हा त्यांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे घेतले. दोन्हींचे, कारण ग्रोथ प्लेटची रुंदी दुसऱ्या हाताशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्हीही विचारा: "दुसऱ्या कोपराचा तुलनेसाठी काढायचा का?"

तीन गोष्टी करू नका. कोपर ओढून, वळवून "बसवून" घेऊ नका. पाठीला, मांडीला तेल लावून चोळलं तर बरं वाटतं, पण दुखऱ्या ग्रोथ प्लेटवर ती ओढाताण घातक आहे. सामन्याआधी दुखण्याची गोळी देऊ नका. दुखणं हा थांबण्याचा इशारा आहे, गोळीनं तोच बंद होतो. आणि स्प्रे मारून मूल परत मैदानात पाठवू नका. बर्फ चालतो, टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, पण तो उपचार समजू नका.

८. परत मैदानात

कोपराची ग्रोथ प्लेट सुजली असेल तर चार-सहा आठवडे ते त्याहून जास्त, खांद्याची असेल तर सहसा तीन महिन्यांच्या आसपास चेंडू बंद असतो. नेमकं किती ते डॉक्टर ठरवतील. सगळ्यात अवघड काळ हाच. मुलगा रोज म्हणतो, "आता दुखत न्हाई." दुखणं थांबणं आणि हाड भरणं यांत बरंच अंतर असतं. या दिवसांत बैठका, पळणं, रंकाळ्याला फेरी, हे सगळं चालू ठेवा. त्याला संघाबरोबर जाऊ द्या, स्कोअर लिहायला बसवा. एकटा घरी ठेवला तर तो लपून फेकतो. माझ्या मुलानं गच्चीवर फेकलं होतं.

परवानगी मिळाली की आम्ही असं केलं: एकाआड एक दिवस, ३० फुटांवरून २५ हलक्या फेकी, विश्रांती, परत २५. दोन वेळा काहीच दुखलं नाही तर ४५ फूट. मग ६०. कुठं दुखलं तर एक पायरी मागं. पिचिंग त्यानंतर, आधी अर्ध्या जोरात. या सगळ्याला आम्हाला पाच आठवडे लागले.

९. सरांशी आधी बोला

सामना रंगात आल्यावर सांगायला गेलात तर भांडण होईल. शिबिराच्या पहिल्याच दिवशी जा, वही दाखवा. मी म्हणाले, "सर, हा शनिवारी पस्तीसवर थांबणार. मी मोजते, तीस झाले की हात वर करते." सर म्हणाले, "ताई, फायनलला काय करायचं?" मी म्हटलं, "फायनलला तो पहिलीच इनिंग टाकू दे, नाहीतर शेवटची. मधलं दुसऱ्याला." ते विचारात पडले, पण त्यांनी पंधरा दिवसांत आणखी दोन पिचर तयार केले. सरांनाही हाताशी माणूस हवा असतो. बहुतेक शाळांत एकच शिक्षक कबड्डीपासून बेसबॉलपर्यंत सगळं सांभाळतो, त्यांनी चेंडू कधी मोजायचे?

दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांचा विषयही तेव्हाच काढा. "एवढी एक स्पर्धा निघू दे, गुण मिळतील" हे वाक्य मी इतर पालकांच्या तोंडून जास्त ऐकलं आहे, सरांच्या कमी. तुमच्या मुलाच्या हातानं टाकलेला सत्तरावा चेंडू दुसऱ्याच्या मुलाच्या गुणांसाठी असेल, तर मैदानाच्या कडेला तुमच्यावर दबाव येणारच. तेव्हा बोलायला सुचत नाही, म्हणून आकडा आदल्या रात्री ठरवा, मुलाला सांगा, सरांना सांगा आणि वहीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मुलाच्या टोपीच्या आतल्या बाजूलाही मी तो आकडा पेननं लिहिते. परवाच्या सामन्यात ४५ लिहिला होता. चव्वेचाळिसाव्या चेंडूनंतर माझा हात वर जायच्या आधी त्यानंच टोपी काढून आत बघितलं.